वहिनींच्या टेबलावरचं मशीन

वहिनींचा फोन आला तेव्हा पाटणमध्ये तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. "भावजी, मशीन चालू होतंय आणि लगेच बंद पडतंय. आत पंखा फिरतोय, पडद्यावर काही नाही." जुलै २०२५चा दुसरा आठवडा. दाखल्यांची गर्दी ओसरत आली होती, पण वारस नोंदी, पीक विम्याची कागदपत्रं, हमीपत्रं सुरूच होती. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्यापासून चार गाळे सोडून. स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकून गेलो.

सीपीयू उघडला तर प्रोसेसरच्या शेजारचे चार कपॅसिटर माथ्यावर फुगलेले, एकातून तपकिरी राळ बाहेर आलेली. २००९ सालचं कोअर टू ड्युओ मशीन, दोन जीबी रॅम, विंडोज सेव्हन. दोन वर्षांपूर्वी यातलेच दोन कपॅसिटर मी बदलले होते. ते पुन्हा करता आलं असतं, पण सोळा वर्षांच्या बोर्डावर डाग देत राहण्यात अर्थ नव्हता. आठवडाभर तग धरेल एवढी मलमपट्टी केली आणि सांगितलं, "वहिनी, आता नवं बघा."

वहिनींचं काम म्हणजे कचेरीजवळचं टायपिंग आणि डीटीपी. सकाळी प्रतिज्ञापत्रं, अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव. दुपारनंतर निमंत्रणं, दशक्रिया विधीचे कागद, तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिका. त्या टायपिंग शिकल्या खऱ्याखुऱ्या टाइपरायटरवर, चाळीसच्या स्पीडची परीक्षा देऊन. दादा शेजारच्याच खुर्चीत बसून मुद्रांक विकतात. मुलगी कराडला बीसीएच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात. नव्या मशीनसाठी वहिनींनी बचत गटातून ५०,००० रुपये उचलले, शेकडा एक रुपया महिना व्याजानं. हा आकडा पुढं महत्त्वाचा आहे, कारण त्यात एक नाही, दोन गरजा कोंबलेल्या होत्या.

मुलीचं म्हणणं सरळ होतं. "काका, एक चांगला लॅपटॉपच घ्या ना. आईला दुकानात चालेल, मला प्रोजेक्टला चालेल." दादांनाही ते पटलं. आणि खरं सांगायचं तर मीही पहिल्या दिवशी लॅपटॉपच म्हणालो. माझं कारण वेगळं होतं: लाईट. कोयनेचं धरण याच तालुक्यात, प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. पण पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की त्याला धरण तरी काय करणार! जुलै-ऑगस्टमध्ये दिवसातून तीन-चार वेळा लाईट जाते, कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. वहिनींचा ६०० व्हीएचा यूपीएस तीन वर्षांचा, त्याची बॅटरी चार मिनिटांत हात टेकायची. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, नुसत्या टायपिंगला चार तास सहज निघतात. एवढ्यावर माझा निकाल झाला होता.

मुलीची विभागणी मात्र पहिल्याच हिशेबात कोसळली. दुकान सोमवार ते शनिवार, कॉलेजही सोमवार ते शनिवार. एक लॅपटॉप एकाच वेळी पाटणला आणि कराडला कसा असेल? हे तिघांच्याही लक्षात आलं होतं, पण बोललं कुणी नव्हतं.

तरी निर्णय घाईनं नको म्हणून माझ्याकडचा एक जादा १४ इंची लॅपटॉप वहिनींना चार दिवस वापरायला दिला. दुकानात बसून जे कळलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

पहिली अडचण कळांची. वहिनी रेमिंग्टन पद्धतीनं, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीनं, टाइप करतात. त्यांच्या लेआउटात अर्धा 'ख्' चौकटी कंसाच्या कळीवर आहे, अर्धा 'श्' अवतरणचिन्हाच्या, 'य' अर्धविरामाच्या. अर्धा 'ख्' मारून पुढं काना दिला की पूर्ण 'ख', 'श'चंही तसंच. म्हणजे इंग्रजी टाइप करणाऱ्याची उजवी करंगळी जिथं क्वचित जाते, तिथं मराठी टाइपिस्टची करंगळी दर ओळीला चार वेळा जाते. आणि लॅपटॉप बनवणारे जागा वाचवायला नेमक्या त्याच उजव्या कडेच्या कळा बारीक करतात. 'शपथेवर' लिहायला गेलं की 'श'च्या जागी एंटर बसायचा. प्रतिज्ञापत्राचं एक पान वहिनी नऊ मिनिटांत काढतात. लॅपटॉपवर पहिल्या दिवशी चौदा लागली, चौथ्या दिवशी बारा. सवयीनं आणखी कमी झाली असती, हे मान्य.

दुसरी अडचण आकड्यांच्या पट्ट्याची. जुन्या मराठी फॉन्टमध्ये सगळी जोडाक्षरं कळांवर मावत नाहीत. उरलेली आल्ट दाबून चार आकडी कोड मारून काढावी लागतात, आणि तो कोड उजवीकडच्या आकड्यांच्या पट्ट्यावरच चालतो, वरच्या ओळीतल्या आकड्यांवर नाही. वहिनींना असे तीसेक कोड पाठ आहेत. १४ इंची लॅपटॉपला तो पट्टाच नव्हता. पहिल्या दिवशी 'द्ध' काढायला त्यांनी मला फोन केला.

तिसरी गोष्ट मात्र मला स्वतःला कधी सुचली नसती. गिऱ्हाईक टेबलाच्या पलीकडं उभं असतं. छापायच्या आधी वहिनी मॉनिटर धरून त्याच्याकडं वळवतात: "हे बघा, नाव बरोबर आहे का? वडलांचं नाव? गट नंबर?" आणि त्याच वेळी त्यांचे हात कीबोर्डवर असतात, तो म्हणाला 'ऱ्हस्व नाही, दीर्घ', की तिथल्या तिथं दुरुस्त. लॅपटॉप वळवला की कीबोर्डही गिऱ्हाइकाकडं जातो. मग वळवा, विचारा, परत वळवा, दुरुस्त करा, पुन्हा वळवा. एक म्हातारे आजोबा तर लॅपटॉप आपल्याला टाइप करायला दिला असं समजून बोट लावायला लागले.

यूएसबीच्या जागांचा हिशेब किरकोळ, पण सांगतो: प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, माउस, मराठी सॉफ्टवेअरचा डोंगल (तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह. सहा. लॅपटॉपला तीन होत्या. आणि टेबलावर दिवसाला आठ कप चहा फिरतो. साध्या कीबोर्डवर चहा सांडला तर चारशे रुपये जातात. लॅपटॉपच्या कीबोर्डखाली मदरबोर्ड असतो. माझ्या दुकानात येणाऱ्या बंद लॅपटॉपांत चहाचे किती असतात, ते मी वहिनींना सांगितलं नाही, उगाच घाबरल्या असत्या.

मुलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग बाहेरून कीबोर्ड जोडा." जोडला. मग पडदा लांब आणि खाली गेला, वहिनींची मान दुखायला लागली. "मग मॉनिटर जोडा." तोही जोडता येतो. वर यूएसबीचं हब. म्हणजे ३८,०००चा लॅपटॉप घ्यायचा आणि त्याचा डेस्कटॉप करायला आणखी दहा हजार घालायचे. तरीही एक गोष्ट लॅपटॉपच्या बाजूनं उरतच होती: लाईट गेल्यावर तो चालू राहतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. मी मुद्दाम जाऊन बसलो. लॅपटॉप चालूच, वहिनी शांतपणे टाइप करतायत, मला वाटलं झालं आपलं काम. अर्ज टाइप झाला, वहिनींनी मान वर केली. "आता छापू कशावर?"

घोडं इथंच पेंड खात होतं. वहिनींचा प्रिंटर लेझर. लेझर प्रिंटर कागदावर काळी पूड टाकतो आणि तापलेल्या रोलरखालून कागद काढून ती पूड वितळवून चिकटवतो. तो रोलर तापवताना क्षणभर सातशे-आठशे वॅट खेचले जातात. ६०० व्हीएचा यूपीएस देतो साधारण ३६० वॅट. म्हणून लेझर यूपीएसला लावू नये असं सांगितलं जातं. लावला तर यूपीएस किंचाळतो आणि सगळंच बंद करून टाकतो. म्हणजे लाईट गेल्यावर लॅपटॉपवर अर्ज तयार, आणि गिऱ्हाईक मात्र कागदाची वाट बघत बाकड्यावर. त्याला कागद हवा होता, फाइल नाही. कचेरीत फाइल कोण घेतो?

दोन आठवडे आम्ही चौघं डेस्कटॉप की लॅपटॉप यावर बोलत होतो, आणि दुकान बंद पाडत होता प्रिंटर. तीन वर्षं लाईट गेली की वहिनी "मशीन बंद आहे" असं सांगत होत्या आणि मीही तेच धरून चाललो होतो. माझ्यासारख्या रोज प्रिंटर उघडणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं.

शाईच्या टाकीचा प्रिंटर छापताना पंधरा-वीस वॅटच्या आसपास घेतो, कारण त्यात तापवायचं काही नसतं. तो लहान यूपीएसवर आरामात चालतो. वहिनींची शंका रास्त होती: पावसात शाई पसरली तर? पसरते ती रंग विरघळलेली शाई. काळी शाई पिगमेंटची असेल, म्हणजे बारीक कणांची, तर सुकल्यावर पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. एक नमुना पान छापून आणलं आणि पन्हळीखाली धरलं. कागद लगदा झाला, अक्षरं वाचता येत होती. दादांनी तिथंच मान हलवली.

आता हिशेब बदलला. प्रिंटरचे १२,००० आधी बाजूला काढले. उरले ३८,०००. नवं असेंबल केलेलं डेस्कटॉप मॉनिटरसह ३२,०००च्या पुढं जात होतं आणि मुलीसाठी काहीच उरत नव्हतं. इथं मी तिसरा पर्याय काढला, जो आमच्याकडं अजून फारसा कुणी विचारत नाही: मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षांनी निघालेली छोटी डेस्कटॉप मशीन. जाडजूड पुस्तकाएवढा डबा. आत लॅपटॉपचीच छोटी रॅम, बाहेर लॅपटॉपसारखाच चार्जर, प्रोसेसर कमी वीज खाणारा. वहिनींसाठी पुण्याहून आणलेल्या मशीनमध्ये आय फाइव्ह ८५००टी होता: सहा कोअर, ३५ वॅटचा. आकड्यातला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, आणि हे बघूनच घ्यायचं होतं. विंडोज टेनला कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होते आणि विंडोज इलेव्हनच्या अधिकृत यादीत इंटेलचे नेहमीचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढं आहेत. सहावी-सातवी पिढी तीन-चार हजारांनी स्वस्त मिळत होती, ती का, ते यावरून कळावं. १६ जीबी रॅम, नवी २५६ जीबीची एसएसडी, दुकानदाराची सहा महिन्यांची हमी, १६,५०० रुपये. घेतल्यावर पहिलं काम केलं ते आतला नाण्यासारखा सेल बदलण्याचं. ऑफिसातून निघालेल्या मशीनमध्ये तो मरायला टेकलेला असतो आणि मग रोज तारीख चुकते. प्रतिज्ञापत्रावर तारीख चुकून कसं चालेल!

वॅटमीटर लावून तिन्ही मापली. जुनं मशीन मॉनिटरसह ९५ वॅट. लॅपटॉप १२. छोटा डबा नव्या २२ इंची मॉनिटरसह ३०. रोज नऊ तास, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर जुन्याचे २२ युनिट, डब्याचे ७, लॅपटॉपचे ३च्या आत. म्हणजे लॅपटॉप आणि डबा यांच्यात महिन्याला चार युनिटांचा फरक, पन्नास रुपयांच्या आसपासचा. वीज वाचते म्हणून लॅपटॉप घ्या, असं सांगणाऱ्यानं ही वजाबाकी करून बघावी. खरा फायदा यूपीएसला झाला. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तास देते, प्रत्यक्षात बरीच कमी. ९०० रुपयांची नवी बॅटरी टाकली आणि ३० वॅटच्या मशीनला तासभर मिळायला लागला. मध्ये दहा-पंधरा पानं छापली तरी.

मॉनिटरचे ७,००० धरून सगळं ३६,४००ला बसलं. उरले १३,६००, आणि त्यात मुलीचा लॅपटॉप येत नव्हता. ती दोन आठवडे माझ्याशी नीट बोलली नाही. "काका, तुम्ही आईचंच बघितलंत." बघितलं होतं खरं. कर्ज वहिनींच्या नावावर होतं आणि हप्ता दुकानातून जाणार होता. आधी हप्ता काढणारं मशीन उभं राहायला हवं होतं. पण कॉलेजच्या प्रयोगशाळेत संध्याकाळी पाचनंतर बसता येत नाही, हे तिचं दुःखही खोटं नव्हतं. तिनं नोव्हेंबरपर्यंत मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रात्री काम केलं.

आता मशीन लावल्यावर काय झालं ते. सगळं गोड नव्हतं.

वहिनींचं मराठी सॉफ्टवेअर जुनं, त्याच्या डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे डोंगलची विंडोजशी ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, ३२ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही. हे मला माहीत होतं, पण नवा ड्रायव्हर मिळेल या भरवशावर होतो, मिळाला नाही. फॉन्ट तेवढे बसले, जुन्या फाइली दिसायला लागल्या, पण टाइप करायची सोय गेली. तीनशेच्या वर नमुने, अकरा वर्षांचे. वहिनी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, नुसतं जेवायचा डबा उघडून बसल्या. मी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, रेमिंग्टन पद्धतीनं टाइप करू देणारं छोटं साधन बसवलं. बोटांना ते लगेच जमलं, एक-दोन कळा इकडंतिकडं. सरकारी संकेतस्थळांवर युनिकोडच लागतं, त्यामुळं आधी दोनदा करावं लागणारं काम एकदाच व्हायला लागलं. आणि युनिकोडमध्ये जोडाक्षराला आल्टचे कोड लागत नाहीत. म्हणजे आकड्यांच्या पट्ट्याचा माझा मुद्दा ऑगस्टमध्येच अर्धा निकालात निघाला. पत्रिकांना सुशोभित जुने फॉन्टच लागतात, तिथं तो अजून जिवंत आहे.

रोजच्या वापरातले चाळीस नमुने रूपांतर करणाऱ्या साधनातून युनिकोडमध्ये काढले. वरवर सगळं ठीक दिसत होतं. वहिनींनी पहिलंच पान हातात घेऊन वाचलं आणि पेनानं गोल केला. 'शेतकऱ्याचे'चं 'शेतकर्याचे' झालं होतं. खाली 'दुसर्या', 'करणार्या'. साधनाला आपला चंद्रकोरीसारखा र कळत नव्हता, त्यानं सगळीकडं सरसकट रफार चढवला होता. 'कार्या'लयाचा रफार बरोबर आणि 'शेतकऱ्या'चा चूक, हे त्याला कोण सांगणार? शोधून एकदम बदलायला गेलो तर 'आचार्यां'चे 'आचाऱ्यां' व्हायची वेळ आली. शेवटी वहिनी एकेक नमुना डोळ्यांनी वाचायला बसल्या.

माझीही एक चूक झाली. छोटा डबा मॉनिटरच्या पाठीला स्क्रूनं बसवता येतो. तसा बसवला, टेबल मोकळं झालं, मी खूश. पण मॉनिटर गिऱ्हाइकाकडं वळवला की त्याच्याबरोबर सहा वायरी ओढल्या जायच्या; तिसऱ्या दिवशी अंगठ्याचं मशीन खाली पडलं. डबा काढून खणाशेजारी पत्र्याच्या पट्टीवर लावला. जी सवय बघून मी लॅपटॉप नको म्हणालो होतो, तीच विसरलो होतो.

मुलीचा लॅपटॉप नोव्हेंबरमध्ये आला. लग्नपत्रिकांच्या पहिल्या आगाऊ रकमा आणि ते उरलेले १३,६०० मिळून २४,०००चा, तोही ऑफिसातून निघालेला, १४ इंची. तिच्यासाठी निवडताना दोनच गोष्टी पाहिल्या: रॅम बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली नसावी, म्हणजे पुढं वाढवता येईल, आणि वजन दीड किलोच्या आसपास असावं, कारण तो कराडच्या एसटीत मांडीवर बसून जाणार होता. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय त्यात होती, ती चालू करून दिली. वसतिगृहात दिवसरात्र प्लगला लावून ठेवतात आणि मग वर्षभरात बॅटरी फुगली म्हणून माझ्याकडं येतात. आता ती माझ्याशी बोलते.

जुना लेझर प्रिंटर वहिनींनी विकला नाही. लाईट असली आणि पन्नास पानांचा गठ्ठा असला की तोच लावतात, त्याचा वेग टाकीवाल्याला नाही. परवा संध्याकाळी गेलो तेव्हा लाईट नव्हती, शेजारचं झेरॉक्सचं दुकान अंधारात होतं आणि वहिनींच्या बाकड्यावर चार माणसं बसली होती. वहिनी मधल्या वेळात नमुने तपासत होत्या. चाळीसपैकी एकतीस झाले. मला बघून त्यांनी मॉनिटर माझ्याकडं वळवला.

"हे बघा भावजी, 'वऱ्हाडी'चं काय केलंय तुमच्या मशीननं."